पढविलेली उत्तरे

मुंबईच्या दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्या काळी पडद्यावर बसून प्रश्नांना उत्तरे देण्याचा मान एखादा नामांकित कलावंत, मंत्री, शास्त्रज्ञ अथवा साहित्यिक यांनाच काय तो लाभत असे. वरळीच्या त्या केंद्रात जाऊन येणे ही आळीत आठवडाभर बोलली जावी अशी गोष्ट होती. आज स्थिती अगदी निराळी आहे. वाहिन्या अमाप झाल्या. त्यांना रात्रंदिवस पुरेल इतके बोलणे हवे असते. आणि एवढे बोलणे पुरविण्यास थोर माणसे तरी कोठून पुरणार? सबब शिक्षक, डॉक्टर, बचतगटाच्या अध्यक्षा, परीक्षेत पहिली आलेली मुलगी, पुरात संसार बुडालेला गृहस्थ यांपैकी कोणावरही हा प्रसंग येऊ शकतो. जी गोष्ट थोड्यांच्या वाट्यास येते तिचा विचार त्या थोड्यांनी करावा हे ठीक आहे. परंतु जी सर्वांच्या दाराशी येऊन उभी राहू लागली, तिचा नीतीच्या दृष्टीने विचार करण्याचे ओझे सर्वांवरच पडते.

विचार करावयाचा तो एवढाच की, मुलाखतीस जाण्यापूर्वी माणसाने उत्तरांची तयारी करावी काय. आणि केली, तर ती उत्तरे त्याची स्वतःची राहतात काय? प्रश्न पोरकट वाटण्याचा संभव आहे. परीक्षेस जाताना अभ्यास करावा की नाही असे कोणी विचारीत नाही. पण गंमत अशी की, जे लोक मुलाखत देणाऱ्याला तयारी करून जा म्हणून बजावतात, तेच लोक पडद्यावर एखाद्याची फार गुळगुळीत उत्तरे ऐकली म्हणजे ‘पढवून आणलेला दिसतो’ म्हणून नाक मुरडतात. मराठीत ‘पढविलेला’ हे विशेषण दोघांना लागते, एक पोपटाला व दुसरे साक्षीदाराला. आणि दोहोंपैकी कोणालाही ते भूषणावह नाही. न्यायाधीश पढविलेल्या साक्षीवर विश्वास ठेवीत नाही, मग ती साक्ष अक्षरशः खरी का असेना. तेव्हा तयारीविषयी आपल्या मनात दोन परस्परविरुद्ध मते एकाच वेळी नांदत असतात, व दोन्ही अगदीच निराधार नाहीत.

‘मुलाखत’ हा शब्द मुळात अरबी असून त्याचा अर्थ केवळ भेट एवढाच आहे. भेटीत दोघे बोलतात आणि दोघे ऐकतात. दूरचित्रवाणीवरील मुलाखत ही भेट दिसते खरी, पण ती भेट नव्हे. तेथे दोघे बोलतात आणि तिसराच ऐकतो. हा तिसरा असतो लाखोंच्या संख्येने, पण तो हजर नसतो. त्याला मध्येच ‘समजले नाही’ म्हणता येत नाही, की भुवया उंचावून शंका दाखविता येत नाही. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर बहुधा आधीच ठाऊक असते, आणि उत्तर देणाऱ्यालाही ते ठाऊक आहे हे ठाऊक असते. तरीही एकाने कुतूहलाची व दुसऱ्याने उत्स्फूर्ततेची मुद्रा धारण करावयाची असते. म्हणजे त्या प्रसंगाच्या घडणीतच थोडेसे नाटक आहे. नाटक असले म्हणजे तालीम आली. तालमीला नाके मुरडण्यात मग अर्थ काय, असे कोणी विचारील.

आपल्या घरांत या नाटकाचा एक जुना प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम आठवावा. कोणते पातळ नेसावयाचे, पोह्यांची बशी कोणाच्या पुढे आधी ठेवावयाची, ‘आवड कशाची?’ असे विचारले तर काय सांगावयाचे, हे सर्व आईने व मावशीने आदल्या रात्री पढविलेले असे. वाचनाची आवड सांगावी, पण फार सांगू नये. स्वयंपाक येतो म्हणावे, पण कोणकोणता ते विचारल्याशिवाय बोलू नये. त्या मुलीने दिलेली उत्तरे खोटी असत असे नाही. तिला वाचन आवडतही असे. परंतु त्या खोलीत तिच्याविषयी सर्व काही सांगितले जाऊनही ती स्वतः मात्र कोणाला भेटत नसे. तेव्हा पढविलेल्या उत्तरातील दोष ते असत्य असते हा नव्हे. उत्तर देणारे माणूस त्यातून नाहीसे होते, हा त्याचा दोष.

याच्या उलट टोकाला सॉक्रेटिसाचे उदाहरण ठेवता येईल. इसवी सनापूर्वी ३९९ साली अथेन्समध्ये त्याच्यावर खटला झाला. झेनोफनने लिहून ठेविले आहे की, हर्मोजेनिस नावाच्या स्नेह्याने त्याला, बचावाचा काही विचार केलास काय, असे विचारले. तेव्हा त्याच्या उत्तराचा आशय असा होता की, आजवर अन्याय न करता जगलो, याहून दुसरी तयारी ती कोणती? लिसियस या व्यवसायी भाषणलेखकाने त्याच्यासाठी एक सुरेख भाषण रचून आणले होते; ते चांगले आहे, पण मला शोभणारे नाही म्हणून त्याने परत केले, अशीही कथा डायोजिनिस लेर्शियसने दिली आहे. ख्रिस्ताने आपल्या शिष्यांना अधिकाऱ्यांपुढे उभे राहण्याच्या प्रसंगी काय बोलावे याची आधीपासून चिंता करू नका म्हणून सांगितले, ते वसईच्या घरोघरी ठाऊक आहे. ही शिकवण मनाला भुरळ पाडते. पण तिचा आधार घेऊन जो कोणी काहीही न वाचता कॅमेऱ्यापुढे जाऊन बसेल, त्याने एवढे ध्यानात ठेवावे की सॉक्रेटिसाने तयारी केली नव्हती असे नाही. ती त्याने सत्तर वर्षे केली होती. आळशी मनुष्य आणि सॉक्रेटिस हे दोघेही कागद न घेता जातात, पण म्हणून ते एकाच पंक्तीत बसत नाहीत.

आमच्याकडील लोकमान्यांचा प्रसंग या बाबतीत अधिक बोधक वाटतो. १९०८ च्या जुलैमध्ये मुंबईच्या हायकोर्टात राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी स्वतःच आपला बचाव केला व ज्यूरीपुढे ते २१ तासांहून अधिक बोलले. कायद्याचे ग्रंथ, आधीच्या खटल्यांचे निवाडे, मराठी शब्दांच्या इंग्रजी भाषांतरातील चुका, सर्व काही त्यांनी तयार करून नेले होते. ते दीर्घ भाषण आज किती लोक वाचतात? ज्यूरीने अपराधी ठरविल्यावर शिक्षेपूर्वी ते जी चार वाक्ये बोलले, तीच संगमरवरावर कोरून त्या न्यायालयात लाविलेली आहेत. मग ती चार वाक्ये उत्स्फूर्त आणि २१ तास पढविलेले असे म्हणावयाचे काय? आम्हाला तसे वाटत नाही. विषय ज्याने इतका घोटून घेतला आहे, त्यालाच ऐन वेळी चार वाक्यांत तो सापडतो. गवयाच्या रियाजाला कोणी कृत्रिमपणा म्हणत नाही. उलट रियाज नसलेला गवई मैफिलीत एखादी पाठ केलेली तान पुन्हा पुन्हा घेत राहतो, कारण त्याच्याजवळ तेवढीच असते. कीर्तनकाराचे आख्यान मुखोद्गत असते, तरी समोरचा श्रोता पाहून तो पूर्वरंग आखडता घेतो की वाढवितो. तेव्हा तयारीला दोन अगदी भिन्न जाती आहेत. एक विषयाची, दुसरी मुद्रेची. पहिलीने माणूस मोकळा होतो. दुसरीने जखडला जातो.

मुद्रेची तयारी तरी सर्वस्वी त्याज्य आहे काय? तितके सोवळे होण्याचे कारण नाही. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे केनेडी व निक्सन यांचा पहिला वादविवाद दूरचित्रवाणीवर झाला. निक्सन नुकतेच गुडघ्याच्या दुखण्याने इस्पितळात राहून आलेले, अंग उतरलेले, आणि रंगभूषा त्यांनी नीट करू दिली नाही. केनेडी टवटवीत दिसले. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले, असे तेव्हापासून सांगतात. त्याचा पुरावा तोकडा आहे. तथापि चेहऱ्यावरचा घाम मतांच्या पेटीपर्यंत पोहोचू शकतो, ही धास्ती राजकारण्यांच्या मनात बसली ती कायमची. दिव्यांच्या प्रकाशात अंगावर बारीक चौकडीचा सदरा असला तर तो पडद्यावर थरथरतो, म्हणून साधा सदरा घालणे यात कसली आली अनीती? ऐकणाराचे लक्ष सदऱ्याकडे न जाता बोलण्याकडे राहावे एवढ्यासाठी जे करावयाचे, ते सौजन्यच होय.

अनीती सुरू होते ती निराळ्या ठिकाणी. रॉबर्ट मॅकनामारा हे व्हिएतनाम युद्धाच्या काळी अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते. त्यांच्यावर २००३ साली निघालेल्या एका प्रसिद्ध माहितीपटात त्यांनी आपले धोरण मोकळेपणी सांगून टाकिले आहे: जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर द्यावयाचे नाही, जो विचारावयास हवा होता असे आपल्याला वाटते त्याचे द्यावयाचे. आज मोठमोठ्या कंपन्यांतून व पक्षांतून हीच विद्या पगारी शिक्षक ठेवून शिकविली जाते. प्रश्न कसलाही येवो, ‘महत्त्वाचा मुद्दा असा की’ म्हणून आपल्या पाठ केलेल्या वाक्याच्या पुलावर चढावयाचे. यात असत्य एकही बोलले जात नाही. म्हणूनच ते अधिक घातक. प्रश्न आपला नसून त्या न दिसणाऱ्या तिसऱ्याचा आहे, आणि तो त्याच्या हातून अलगद काढून घेतला जात आहे, हे त्या तिसऱ्याला कळतही नाही.

हे सर्व मोठ्यांचे झाले. आमच्या परिचयाचे माणिकपूरचे एक निवृत्त विज्ञानशिक्षक आहेत, त्यांच्यावर दोन-तीन वर्षांपूर्वी हा प्रसंग आला, त्याची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. माणिकपूर म्हणजे एके काळच्या नवघर-माणिकपूर नगरपरिषदेतील गाव. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली तीत ते गेले. रेल्वेस्टेशनाच्या पश्चिमेला उतरून आज कोणी चालू लागला, तर तेथे भातशेती व वाड्या होत्या हे त्याला शपथेवर सांगितले तरी पटावयाचे नाही. वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाड्यांच्या मधोमध बावखले असत. बावखल म्हणजे खोदलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, भोवतालच्या विहिरींना झरा पुरवी, बागायतीला उन्हाळ्यात उपयोगी पडे. यांतील पुष्कळ बावखले आता बुजली आहेत. १९८८-८९ च्या सुमारास वसईत जमिनी बांधकामाला मोकळ्या करण्याविरुद्ध आणि टँकरने पाणी उपसून नेण्याविरुद्ध हरित वसईचे मोठे आंदोलन झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अग्रणी होते. तरी इमारती वाढतच गेल्या. २०१८ च्या जुलैत पाऊस कोसळला तेव्हा नालासोपाऱ्याजवळ लोहमार्ग पाण्याखाली गेला आणि वसईच्या अनेक वस्त्यांतून लोकांनी दिवसचे दिवस साचलेल्या पाण्यात काढले. आमच्या शिक्षकांनी बावखलांविषयी स्थानिक नियतकालिकांतून लिहिले होते. त्यावरून एका वाहिनीने त्यांना अर्ध्या तासाच्या कार्यक्रमासाठी बोलाविले.

त्यांनी शिक्षकाच्या सवयीने कार्डांवर दहा संभाव्य प्रश्न काढले. आठवा प्रश्न होता, ‘बावखले कोणी बुजविली?’ त्यांनी पहिले उत्तर लिहिले ते असे की, बिल्डरांनी, व त्यांना मोकळे रान देणाऱ्या सत्तेने. उत्तर खरे होते. पण पुरते खरे नव्हते. काही बावखले ज्यांची होती त्यांनीच बुजविली होती, आणि त्यांत त्यांच्या सख्ख्या चुलतभावाचे एक होते. मुलगी अंधेरीस नोकरीला असते. ती रात्री त्यांच्याकडून उत्तरे म्हणवून घेत असे. ती म्हणाली, “बाबा, खोटे बोला असे मी म्हणत नाही. पण सगळेच कशाला सांगायचे? काका उद्या दारात येतील.” हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. पडद्यावर उच्चारलेले वाक्य स्टुडिओत राहत नाही, ते गावात परत येते आणि नातलगांच्या पंक्तीत बसते. शिवाय वाहिनीचा माणूस रात्री मुंबईस निघून जातो. ज्याचे नाव घेतले तो मात्र शेजारीच राहतो.

शिक्षकांनी कार्ड बाजूला ठेविले व दुसऱ्या दिवसापासून निराळीच तयारी आरंभिली. ते छत्री घेऊन दुपारी गावोगाव हिंडले. कोणते बावखल कोठे होते, ते केव्हा बुजले, त्यावर आता काय उभे आहे, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यांनी वहीत उतरविले. चुलतभावाकडेही ते गेले, आणि पहिल्यांदाच त्याला कारण विचारले. कारण साधेच निघाले. विहीर मचूळ होत गेली, केळीची बाग परवडेना, मुले नोकरीला लागली, डासांवरून नव्या इमारतींतील लोक तक्रार करू लागले. तेव्हा मातीच्या गाड्या फुकट मिळत होत्या, त्या रिकाम्या करवून घेतल्या. दुष्टपणा असा कोठे नव्हताच. शिक्षक आम्हाला म्हणाले, “मी आरोप तयार करून बसलो होतो. आता माझ्यापाशी आरोप नाही, हकीकत आहे; आणि ती दोन मिनिटांत मावत नाही.”

आमच्या मते त्यांची खरी तयारी ती हीच. पहिल्या तयारीने उत्तर घोटीव झाले होते. दुसरीने ते बदलले. ज्या तयारीमुळे उत्तर बदलण्याची काडीमात्र शक्यता नसते, तिला तयारी न म्हणता तटबंदी म्हणणे योग्य. ख्रिस्ती धर्मात पापनिवेदनास जाण्यापूर्वी विवेकबुद्धीची तपासणी करण्याचा परिपाठ आहे. माणिकपूरच्या सेंट मायकल चर्चमध्ये येणाऱ्या लहान मुलांनाही तो शिकविला जातो. तेथे आधी बसून आठवावयाचे ते काही लपविण्यासाठी नव्हे, काही राहून जाऊ नये म्हणून. मुलाखतीस जाणाऱ्याने कोणाकडून पाठ घ्यावयाचा झाल्यास पगारी शिक्षकांपेक्षा त्या मुलांकडून घ्यावा.

मुलाखतीत आठवा प्रश्न आलाच, आणि ‘थोडक्यात सांगा’ या पुरवणीसकट आला. ते म्हणाले, “बिल्डरांनी बुजविली, सरकारने बुजवू दिली, आणि काही आम्हीही बुजविली, कारण शेती आम्हाला जगवीत नव्हती.” नाव त्यांनी कोणाचे घेतले नाही, ‘त्यांनी’ न म्हणता ‘आम्ही’ म्हटले. ध्वनिमुद्रण चाळीस मिनिटांचे झाले होते. दाखविले गेले ते अकरा-बारा मिनिटांचे. ते वाक्य राहिले, पण त्याच्या शेवटचा ‘कारण’ कात्रीत गेला. चुलतभावाचे येणे-जाणे चार महिने थांबले होते. पुढे मे महिन्यातील एका लग्नात दोघे एकमेकांशी बोलले. काय बोलले ते आम्ही विचारले नाही.

‘आम्ही’ या शब्दाचा प्रश्न मात्र येथे संपत नाही. पडद्यावर बसलेला मनुष्य इच्छा असो वा नसो कोणाचा तरी प्रतिनिधी होतो. वसईच्या ख्रिस्ती लेखकाला मुलाखतीत पुष्कळदा साहित्याविषयी विचारण्याआधी, तुम्ही इतके शुद्ध मराठी कसे बोलता, असे कौतुकाने विचारले जाते. कौतुक करणाराच्या ध्यानात येत नाही की, कादोडी, वाडवळी यांसारख्या मराठीच्या बोली ज्या घरांत शतकानुशतके नांदत आल्या, त्या घरातील माणसाला हा प्रश्न कसा लागत असेल. २०१९ साली दिब्रिटो यांची उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा काही मंडळींनी केवळ ते धर्मगुरू आहेत म्हणून आक्षेप घेतला. अशा वेळी कॅमेऱ्यापुढे बसणे म्हणजे आपल्या जन्माचा खुलासा देत बसणे. त्यांनी ‘सुवार्ता’ मासिक दीर्घकाळ चालविले, बायबल सुबोध मराठीत आणले, आणि १९८८ पासून वसईच्या जमिनीसाठी रस्त्यावर उतरले. प्रकृती साथ देत नसताना जानेवारी २०२० मध्ये ते उस्मानाबादच्या व्यासपीठावर गेले. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. त्यांच्यावरील आक्षेपाला उत्तर म्हणून एखादे चतुर वाक्य त्यांनी आदल्या रात्री तयार केले असते तरी ते या कामापुढे फिके पडले असते.

आजवर आपण उत्तर देणाऱ्याचीच झाडाझडती घेतली. प्रश्न विचारणाऱ्याने तयारी करणे हे त्याहून मोठे कर्तव्य आहे, पण त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. १९७७ साली डेव्हिड फ्रॉस्ट यांनी पदच्युत निक्सनची जी प्रदीर्घ मुलाखत घेतली, तिच्यासाठी निक्सन यांनी सहा लाख डॉलर घेतले होते आणि ते मुरलेले वकील होते. तरी वॉटरगेटविषयी आपण देशाला दगा दिला हे त्यांच्या तोंडून निघाले, ते फ्रॉस्ट यांच्या मदतनिसांनी महिनोगणती कागदपत्रे चाळली होती म्हणून. समोरचा पढून आला असेल तर त्याच्या पलीकडले वाचून जाणे हाच एक उपाय. याच्या उलट आपल्याकडे ‘आपल्याला कसे वाटते?’ हा एकच प्रश्न घेऊन पोरे धावत असतात, आणि तो पुरस्कार मिळालेल्याला, निवडणूक हरलेल्याला व घरात प्रेत पडलेल्याला सारख्याच आवाजात विचारतात.

या शेवटल्या माणसाला तयारीची मुभाच नसते. २०२२ च्या अखेरीस एका तरुणीच्या हत्येचा तपास दिल्लीत चालू असता माणिकपूर पोलीस ठाण्याच्या दाराशीही कॅमेऱ्यांची गर्दी झाली. अशा वेळी शेजारच्या इमारतीतील कोणाही बाईमाणसापुढे दांडका धरून ‘मुलगी कशी होती?’ असे विचारण्यास कोणाला संकोच वाटत नाही. काय सांगावे तिने? जिन्यात दोन-चार वेळा दिसलेल्या मुलीविषयी तिला ठाऊक असते ते एवढेच की, ती घाईत असे. पण एवढ्याने भागत नाही. म्हणून मग ती बिचारी काहीतरी बोलते, आणि ते बोलणे त्या मृत मुलीला चिकटून राहते. हायकोर्टात जाणाऱ्या साक्षीदाराला समन्स मिळते, तारीख मिळते, वकील मिळतो. जिन्यात गाठलेल्या साक्षीदाराला पदर सावरण्याइतकाही अवकाश मिळत नाही, आणि तिची उलटतपासणी कोणीच घेत नाही.

म्हणून मुलाखतीच्या तयारीत एका गोष्टीचा पाठ मुलांना घरीच द्यावा असे आम्हाला वाटते. ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य न अडखळता, न लाजता, समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहून उच्चारता आले पाहिजे. आमच्या शिक्षकांच्या दहा कार्डांपैकी तिसऱ्यावर, विहिरींच्या पाण्यातील क्षार नेमके किती वाढले या प्रश्नाखाली, हेच तीन शब्द लिहिलेले होते. तो प्रश्न त्यांना विचारला गेला. त्यांनी ते तीन शब्द सांगितले, आणि पाण्याची तपासणी कोठे करून मिळेल तेही सांगितले. प्रक्षेपणात तो भाग नव्हता.